बारा वाजून वीस मिनिटं: कोथरूडमधल्या एका शाळेच्या गल्लीतला अपघात

जुलैमधला मंगळवार होता आणि सकाळपासून भुरभुर पाऊस चालू होता. ही शाळा दोन सत्रांत भरते. तेव्हा सकाळचं सत्र सव्वाबाराला सुटायचं, दुपारचं साडेबाराला भरायचं. मधल्या पंधरा मिनिटांत जाणारी आणि येणारी मुलं, त्यांना न्यायला-सोडायला आलेले आईवडील, आजीआजोबा, व्हॅनकाका, रिक्षाकाका असे सगळे एकाच गल्लीत असायचे. गल्लीला एका बाजूला पदपथ आहे आणि त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला पदपथच नाही.

सार्वजनिक आरोग्य हे माझं काम आणि रस्त्यावरच्या दुखापती हा अभ्यासाचा विषय. माझी मुलगी याच शाळेत असल्यामुळे परिवहन समितीवर पालक प्रतिनिधी म्हणूनही मी आहे. पुढचं सगळं दोन्ही घरांच्या संमतीने लिहिते आहे. शाळेचं आणि माणसांचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.

दुसरीतली मुलगी, वय वर्षं सात. अंगात रेनकोट, त्याची टोपी कपाळापर्यंत ओढलेली, पाठीवर दप्तर. ती फाटकातून बाहेर आली. समोर किराणा दुकानाच्या पायरीवर आजोबा छत्री धरून उभे होते. गल्लीत सम-विषम तारखेचं पार्किंग आहे. त्या दिवशी फाटकाच्या बाजूची पाळी होती, म्हणून फाटकाला अगदी लागून, तिच्या उजव्या हाताला, शाळेच्या दोन व्हॅन एकामागे एक उभ्या होत्या. त्या दोघींच्या मधल्या फटीतून ती आजोबांच्या दिशेने पळाली. उजवीकडून एक स्कूटर येत होती. चालवणारी बाई याच शाळेतल्या एका मुलाची आई. तिने हेल्मेट घातलं होतं. पाच वर्षांचा मुलगा पुढे, पाय ठेवायच्या जागेत, हँडल धरून उभा होता. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं.

धडक बसली. मुलीच्या उजव्या पायाच्या नडगीचं हाड मोडलं आणि कपाळाला खोक पडली. स्कूटर कलंडली, आईचे गुडघे सोलवटले. मुलगा उठून उभा राहिला आणि रडला, पण चालत होता. सगळ्यांचं लक्ष साहजिकच मुलीकडे गेलं. दोघा-तिघांनी तिला हातापायाला धरून उचललं आणि रिक्षात घातलं.

शाळेच्या नोंदवहीत त्या दिवशी एक ओळ लिहिली गेली: ‘मुलगी अचानक रस्त्यावर आल्याने अपघात.’

त्या ‘अचानक’ शब्दाने मला फार अस्वस्थ केलं. जिथे रोज सव्वाबाराला शंभरावर मुलं घरी जायच्या ओढीने बाहेर पडतात, तिथे एखादं मूल पळत रस्त्यावर येणं हे अचानक कसं? ते रोजचं आहे. त्या दिवशी नेमकी स्कूटर आली, एवढाच फरक.

संध्याकाळची दुसरी दुखापत

या प्रकरणात जखमी मुलं दोन आहेत, हे आम्हाला रात्री कळलं. स्कूटरवरचा मुलगा घरी जाऊन थोडा वरणभात जेवला आणि झोपला. पाचच्या सुमाराला उठला तो पोट दुखतंय म्हणत. उलटी झाली. मग म्हणाला, “आई, डावा खांदा पण दुखतोय.” खांद्यावर खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी खांद्याचं ऐकलं आणि तडक सोनोग्राफीला पाठवलं. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा अवयव, फाटली होती आणि पोटात थोडं रक्त साचलं होतं. ते रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं.

लहान मुलांच्या शल्यचिकित्सकांना ही जखम चांगली परिचयाची आहे. हँडलचं टोक पोटात घुसतं, कातडीवर फार तर एक गोल वळ दिसतो, आणि आत यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा लहान आतड्याला इजा झालेली असते. मूल आधी ठीक वाटतं, काही तासांनी ढासळतं. हा मुलगा सुदैवाने शस्त्रक्रियेशिवाय बरा झाला. मुलांमधल्या अशा बहुतेक जखमा, रक्तदाब स्थिर असेल तर, रुग्णालयात निजवून आणि नीट लक्ष ठेवून बऱ्या होतात. पण लक्ष ठेवण्यासाठी आधी ती ओळखू यावी लागते.

पुण्यात हेल्मेटचा विषय काढला की लगेच सक्तीवर वाद सुरू होतो, आणि लहान मूल स्कूटरवर कसं बसतं हा मुद्दा त्या वादात कधी येतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागतं. म्हणजे या मुलालाही लागत होतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा नियम अधिसूचित झाला आणि वर्षभराने लागू झाला: मुलाला चालकाच्या अंगाशी बांधणारा पट्टा हवा, हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हेल्मेटच्या उपयोगाबद्दल शंकेला जागा नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की मोटारसायकलवर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. मात्र या मुलाची प्लीहा हेल्मेटने वाचली नसती. ती वाचली असती तो मागे बसला असता तर. पुढे उभं राहिलेलं मूल म्हणजे आईचं वजन आणि हँडल यांच्या मधली उशी, हे त्याच्या आईला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. ती मला म्हणाली, “ताई, डोळ्यासमोर असलेला बरा म्हणून मी त्याला पुढे घ्यायची. मागे झोप लागली तर पडेल अशी भीती वाटायची.” तिच्या भीतीतही तथ्य आहे. ज्याचे पाय पायट्यापर्यंत पोचत नाहीत, असं मूल मागे बसवायचं तर पट्टा हवा. मोठ्यांनी जागरूक असावं एवढं सांगून हा प्रश्न सुटत नाही. पट्टा दुकानात मिळायला हवा, परवडायला हवा आणि तो कसा बांधायचा हे कोणीतरी दाखवायला हवं.

खडू, टेप आणि घड्याळ

चौथ्या दिवशी आम्ही तिघं पालक गल्लीत उभे राहिलो. हातात मोजपट्टी, खडू आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. फाटकाच्या आधीपासून रस्त्यावर वीस मीटर अंतराने दोन रेघा मारल्या. एका रेघेवरून दुसरीवर जायला गाडीला दोन सेकंद लागले तर वेग ताशी ३६ किलोमीटर, तीन सेकंद लागले तर २४. बहुतेक दुचाक्या या दोन आकड्यांच्या मधे होत्या. गर्दी असते तेव्हा कोणी जोरात जात नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटत असे. पण गर्दीत मोकळी जागा मिळाली की तेवढ्यापुरता वेग वाढतो, आणि त्या मोकळ्या जागेतच मुलं पळतात. २४ आणि ३६ मधला फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ३६ ला ती २४ च्या सव्वादोन पट असते.

मग थांबण्याचं अंतर काढलं. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला. ओल्या रस्त्यावर ब्रेकने वेग दर सेकंदाला पाच मीटर प्रतिसेकंद या दराने उतरतो असं धरलं. ताशी ३० ने येणारी गाडी सुमारे १५ मीटरवर थांबते. ४० ने येणारी गाडी त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ३२ च्या आसपास असतो. म्हणजे पहिली जिथे थांबून मुलाला वाट देते, तिथे दुसरी जवळजवळ पहिलीच्या सुरुवातीच्या वेगाने धडकते. हे गणित समितीच्या बैठकीत फळ्यावर मांडलं, तेव्हा व्हॅनकाका उठून फळ्याजवळ आले आणि त्यांनी आकडे पुन्हा करून पाहिले.

पण आमच्या प्रकरणात हे गणितसुद्धा अपुरं पडलं, आणि मला त्यातूनच खरी गोष्ट कळली. व्हॅनच्या कडेपासून स्कूटरच्या वाटेपर्यंतचं अंतर फार तर एक मीटर होतं. पळणारं सात वर्षांचं मूल ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतं. म्हणजे स्कूटरवाल्या आईचा तो एक सेकंदसुद्धा पुरा झाला नव्हता. रस्त्यावर घसटीची खूण नव्हती, कारण ब्रेक लागलाच नव्हता. ती २५ ने येत होती असं तिचं म्हणणं आहे. तसं असेल तरी त्या फटीपाशी मुलगी दिसणं आणि गाडी थांबणं हे अशक्य होतं. कमी वेगाने दुखापत सौम्य झाली असती, धडक टळली नसती. धडक टाळायला ती फटच नको होती.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडबद्दलच्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलांना जिथे गाडीने उडवलं त्या जागांची, न उडवलेल्या मुलांसाठी निवडलेल्या तशाच जागांशी तुलना केली होती. कडेला दाटीने गाड्या लावलेल्या रस्त्यांवर पायी मुलांना धोका सुमारे आठपट आढळला, आणि सगळ्यात जास्त वर्दळीच्या रस्त्यांवर १४ पट. आपण गाडी लावतो तेव्हा जागेचा विचार करतो, तिच्यामागे कोणाची नजर अडते याचा करत नाही. साडेतीन-चार फूट उंचीच्या मुलाला व्हॅनच्या टपावरून काही दिसत नाही आणि व्हॅनपलीकडच्या कोणालाही ते मूल दिसत नाही.

मुलीला काय दिसलं

पायाला प्लास्टर घालून ती घरी आल्यावर मी तिला भेटायला गेले. समोरच्या ताटलीत बेसनाचा लाडू होता. मी विचारलं, “तुला गाडी दिसली होती का गं?” ती म्हणाली, “मला आजोबा दिसले.”

मी तिची टोपी मागितली. ती माझ्या मुलीच्या डोक्यावर चढवली आणि दोन्ही बाजूंना हात पसरून ते हळूहळू पुढे आणले. हात जवळजवळ समोर येईपर्यंत तिला ते दिसले नाहीत. पावसाळ्यात पुण्यातली निम्मी मुलं असं झापड लावल्यासारखी रस्ता ओलांडतात.

त्यात वयाची मर्यादा येते. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, येणारी गाडी मोठी होत जाताना डोळ्याला किती लवकर कळते, हे मोजलं होतं. प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून, जास्त वेगाने येणारी गाडी जवळ येते आहे हे खात्रीने कळत नाही, असं त्यातून दिसलं. गाडी जितकी वेगवान, तितकी ती स्थिर असल्याचा भास अधिक. स्वीडनमधल्या स्टिना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की लहान मुलाला रहदारीत मोठ्यांसारखं वागायला लावणं त्याच्या वाढीच्या टप्प्यालाच मानवत नाही.

म्हणून ‘मुलांना वाहतुकीचे नियम शिकवा’ ही बैठकीतली पहिली सूचना एकटीच पुरेशी आहे असं मी मान्य केलं नाही. शिकवू नये असं नाही. पण पायी चालण्याच्या शिक्षणावरच्या अभ्यासांचा २००२ मधला मोठा आढावा सांगतो की शिकवल्याने मुलांची माहिती आणि वागणूक सुधारू शकते, दुखापती घटतात हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. मलेरियाच्या गावात आपण मुलांना डास चुकवायला शिकवत नाही, आधी डबकं बुजवतो.

हा विचार रस्त्यावर आणला तो विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरांनी, १९६० च्या दशकात. त्यांनी अपघाताचे धडकेआधी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर असे तीन काळ पाडले आणि प्रत्येक काळात माणूस, वाहन आणि परिसर यांत काय बदलता येईल ते विचारायला लावलं. आम्ही फळ्यावर तशी नऊ घरं आखली. नोंदवहीतला ‘अचानक’ त्यातल्या एकाच घरात बसत होता, धडकेआधीचा माणूस. बाकीची आठ घरं आम्ही आजवर मोकळी सोडली होती.

वाहनाच्या घरापाशी मला एक गोष्ट खटकत राहिली. याच कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था आहे, देशभरातल्या गाड्यांच्या चाचण्या तिथे होतात. २०२३ पासून भारत एनकॅप या मोटारींच्या धडक-चाचणी कार्यक्रमात मोटारीत बसलेल्या मुलांच्या सुरक्षेला वेगळे तारे मिळतात. शाळेच्या दारात मात्र मुलं बहुतांश दुचाकीवर, व्हॅनमध्ये किंवा पायी येतात.

गल्लीत काय बदललं

पहिली मागणी सगळ्यांनी केली ती स्पीडब्रेकरची. एक होताच, रबरी पट्ट्यांचा. त्याच्या मधल्या पट्ट्या उखडून नुसते खिळे राहिले होते आणि दुचाक्या बरोबर त्या फटीतून जायच्या. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसचा नेहमीचा गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगासाठी. त्यावरून गाडी चढते आणि उतरते. अरुंद, टोकदार ब्रेकरवर ती आदळते, आणि मागे बसलेली आजी पडते. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात घराजवळ उंचवटे असलेल्या मुलांना गाडीने उडवलं जाण्याची शक्यता ५३ ते ६० टक्क्यांनी कमी आढळली. लंडनमध्ये ताशी २० मैलांचे विभाग केल्यावर दुखापती सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्या, आणि सगळ्यात मोठी घट लहान मुलांमध्ये होती. हे आकडे जोडून आम्ही महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज दिला. मोजमापासह आलेला अर्ज वेगळा वाचला जातो, हा माझा अनुभव आहे.

तोवर पैसे न लागणाऱ्या गोष्टी केल्या. सकाळचं सत्र सव्वाबारालाच सुटतं, दुपारचं बारा चाळीसला भरतं, त्यामुळे दोन्ही लोंढे आता समोरासमोर येत नाहीत. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर, सम असो की विषम, काहीही उभं राहत नाही. तिथे पांढरा पट्टा मारला आणि दोरी बांधली. यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. व्हॅनकाकांनी विचारलं, “बाई, आम्ही गाडी लावायची कुठं? हवेत?” प्रश्न रास्त होता. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेचं मागचं फाटक उघडलं, व्हॅन मैदानात येऊ लागल्या आणि मुलं आतच चढू-उतरू लागली. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती सांगितली आहे. त्या समितीला इतकं करता येतं, हे आम्हाला या अपघातानंतर उमगलं.

रेनकोटच्या जागी छत्री वापरा असं सांगितलं नाही, कारण वाऱ्यात छत्री मुलाला ओढते. टोपी मागे सरकवून भुवया मोकळ्या ठेवायच्या, एवढंच बाई वर्गातून सोडताना बघतात. आजोबांना सांगितलं की समोरच्या पायरीवर उभं न राहता फाटकाच्या आत यायचं. मूल ज्या बाजूला आहे, त्या बाजूला मोठ्या माणसाने जायचं. ते नुसते मान हलवत राहिले. त्यांच्या मनात अजून तो क्षण आहे, आणि त्यांना दोष द्यायला मी तिथे गेले नव्हते.

धडकेनंतरच्या घरात आमची चूक मोठी होती. मोडलेला पाय न बांधता मुलीला लोंबकळत नेलं. आता कार्यालयात एक पिशवी आहे: परीक्षेची दोन पुठ्ठ्याची पॅड आणि चार ओढण्या. शिपाईमामांसह सहा जणांनी बांधायचा सराव केला आहे. १०८ ला फोन कोणी करायचा ते ठरलेलं आहे. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, हेही सगळ्यांना सांगितलं, कारण पोलिसांच्या भानगडीची भीती खरी असते. आणि फळ्याशेजारी एक कागद चिकटवला आहे: हँडल पोटात लागलं असेल तर मूल हसत असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

या बदलांनी अपघात थांबले, असं मी म्हणू शकत नाही. एका फाटकाशी होणाऱ्या दुखापती इतक्या थोड्या असतात की वर्षभरात एकही न होणं हा नुसता योगायोगही असू शकतो. परिणाम मोजायचा तर अनेक शाळा लागतात. टांझानियात दार-एस-सलाममध्ये शाळांभोवती पदपथ, खांब आणि उंचवटे करून तसं मोजलं गेलं, आणि तिथे मुलांच्या दुखापती २६ टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. आमच्याकडे मोजण्यासारखं आहे ते जवळून हुकलेले प्रसंग आणि वेग. त्यासाठी दोनशे पानी वही केली आहे. मुलाला बघून गाडीने करकचून ब्रेक मारला, मूल मागे ओढावं लागलं, कोणी दोरीच्या आत गाडी घातली, असं जे दिसेल ते वेळेसह लिहायचं. नोव्हेंबरात पुन्हा खडूच्या रेघा मारल्या. फाटकापाशी बहुतेक गाड्या तीन सेकंदांच्या पुढे गेल्या. किराणा दुकानाच्या पलीकडे, जिथे पट्टा संपतो, तिथे अजूनही दोन.

मुलगी दिवाळीनंतर शाळेत येऊ लागली आहे, थोडी जपून चालते. मुलगा आता मागे बसतो. त्याच्या आईने पट्टा आणला आणि लहान मापाचं हेल्मेटही. पहिलं हेल्मेट ढिलं होतं, ते तिने दुकानात परत दिलं. हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच पट्टा सैल हवा, हे तिने स्वतः शोधून काढलं. मंगळवारी सव्वाबाराला दोरीजवळ ती उभी असते. त्या दिवशी वहीत लिहायची पाळी तिची.